मनाच्या डॉक्टरकडे जाताना खिशात किती?

नंबर मिळवण्यातच आठ-दहा दिवस जातात. मग एकदाचा धीर करून फोन लावला, की पलीकडून "नवीन पेशंट का?" आणि लगोलग "सेशनचे पंधराशे. शनिवारी पाचची वेळ आहे, देऊ का?" असे येते. आपण "घरी बोलून कळवतो" म्हणतो आणि कळवायचे राहूनच जाते. पंधराशे रुपये नसतात अशातला भाग नाही. रविवारी चौघे बाहेर जेवले तरी तेवढे होतात. पण त्या पंधराशेत नेमके काय मिळणार, असे पंधराशे किती वेळा मोजायचे आणि समोरचा माणूस कामाचा आहे हे कशावरून ओळखायचे, याचा काहीच पत्ता नसतो. दातांचा डॉक्टर रूट कॅनालच्या किती फेऱ्या, कॅपचे किती, हे चिठ्ठीवर लिहून देतो. इथे अशी चिठ्ठी कुणी देत नाही आणि मागायचा आपल्यालाही संकोच वाटतो.

ती चिठ्ठी इथे मांडतो आहे. दर ढोबळ आहेत. एकाच शहरात दोन उपनगरांतही फरक पडतो, तेव्हा ते अंदाजापुरतेच धरावेत. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: या सगळ्या हिशोबात सेशनचा दर हा सर्वांत कमी महत्त्वाचा आकडा आहे. खरा भुर्दंड पडतो तो चुकीच्या माणसाकडे चार-सहा महिने काढण्याचा. पैसे जातात ते जातातच, वर "हे असले काही आपल्याला लागू पडत नाही" असा ग्रह होऊन माणूस पुन्हा त्या वाटेला फिरकत नाही.

कोण कोण आहे

पाट्यांवर सगळेच "तज्ज्ञ" असतात. आत बसलेली माणसे मात्र मुख्यतः तीन प्रकारची.

पहिला सायकियाट्रिस्ट, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. हा एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. औषध लिहून देण्याचा अधिकार या तिघांत फक्त त्याला. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक त्याच्या प्रिस्क्रिप्शनवर छापलेला असतो, असायलाच हवा. मुंबई-पुण्यात पहिल्या भेटीचे साधारण एक हजार ते अडीच हजार आणि पुढच्या भेटींचे सहाशे ते दीड हजार. जिल्ह्याच्या गावी चारशे-आठशेत काम होते. पहिली भेट बरी लांब असते, नंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत आटोपतात. "डॉक्टर बोलतच नाहीत, गोळ्या लिहून मोकळे होतात" ही तक्रार इथूनच येते. ती खोटी नाही, पण बाहेर चाळीस पेशंट बसलेले असताना त्यांच्याकडून तासभर बोलण्याची अपेक्षाही धरू नये. बोलण्याचे काम बहुधा दुसऱ्याचे असते.

तो दुसरा म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. मानसशास्त्रात एमए करून त्यापुढे रुग्णालयात प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतलेला. बहुतेकांकडे क्लिनिकल सायकॉलॉजीतले दोन वर्षांचे एमफिल असते. निदानाच्या चाचण्या आणि मानसोपचार हे त्याचे काम. भारतीय पुनर्वास परिषद म्हणजे आरसीआय यांच्या नोंदी ठेवते, १९९२ च्या कायद्याने. परिषदेच्या वेबसाइटवर नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून पाहता येते. दोन मिनिटांचे काम आहे, पण ते करणारा ग्राहक क्वचितच भेटतो. मोठ्या शहरांत यांचे दर सेशनला दीड ते साडेतीन हजार.

तिसरा समुपदेशक, रोजच्या बोलण्यात काउन्सेलर. इथे सगळा घोळ आहे. यात मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात एमए-एमएसडब्ल्यू करून वर्षानुवर्षे ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम केलेली उत्तम माणसे आहेत, आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून फ्रेम भिंतीला लावलेलेही आहेत. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने समुपदेशनाचा व्यवसाय नोंदणीच्या कक्षेत आणला खरा, पण त्याची घडी नीट बसेपर्यंत चौकशीची जबाबदारी ग्राहकावरच आहे. दर आठशे ते दोन हजार. नामवंत असेल तर त्याहून वर.

मग जायचे कोणाकडे आधी? झोप पार उडाली आहे, जेवण तुटले आहे, आठवडेच्या आठवडे कामावर जाणे होत नाही, कानात आवाज येतात, नसलेले संशय येतात, किंवा जगण्यात अर्थ नाही असे वारंवार मनात येते, तर पहिली पायरी मनोविकारतज्ज्ञाचीच. तिथे समुपदेशकाकडे महिना घालवणे धोक्याचे. बाकी नोकरीतली धास्ती, घरातला दुरावा, परीक्षेचे दडपण, कुणाच्या जाण्याचे दुःख, लग्न करावे की नाही यांसारखी घालमेल असेल, तर सायकॉलॉजिस्ट किंवा समुपदेशकापासून सुरुवात केली तरी चालते. त्याला गरज वाटली तर तोच डॉक्टरकडे पाठवतो. पाठवत नसेल, उलट "गोळ्यांच्या नादी लागू नका" असे पहिल्याच भेटीत सांगत असेल, तर पैसे देऊन बाहेर पडावे आणि परत जाऊ नये.

याच्याही आधीची एक स्वस्त पायरी लोक विसरतात. थायरॉइड कमी झाले, ब-१२ घटले किंवा रक्त कमी असले तरी माणूस मरगळतो, चिडतो, काही नकोसे वाटते. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरला सांगून या तपासण्या करून घेतल्या की हजाराच्या आसपास खर्चात एक शंका मिटते.

पदवीचेच सगळे स्तोम माजवू नये, असे सांगणारे एक काम आपल्या शेजारी झाले आहे. गोव्यात "संगथ" या संस्थेने या क्षेत्रातली पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना नेमके प्रशिक्षण दिले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांसोबत सहा ते आठ बैठकांचा आखीव कार्यक्रम राबवला. त्याचा गुण आल्याचे २०१६ साली "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. यात दोन गोष्टी होत्या: कार्यक्रम आखीव होता आणि काम करणाऱ्यांवर जाणत्यांची देखरेख होती. म्हणून समुपदेशकाला पदवीइतकेच महत्त्वाचे विचारायचे ते हे, की तुमच्या केसेस तुम्ही कोणाला दाखवता? चांगल्या समुपदेशकाला या प्रश्नाचा राग येत नाही.

पंधराशे गुणिले किती

आता चिठ्ठीचा मुख्य भाग. सेशन ४५ ते ६० मिनिटांचे असते. नैराश्य, चिंता यांसाठी विचार आणि वागणूक यांवर काम करणारी सीबीटी, किंवा तिचीच भावकी असलेली आणि मराठी वाचकाला अल्बर्ट एलिसच्या नावाने ठाऊक असलेली आरईबीटी वापरली, तर साधारण आठ ते वीस सेशन लागतात. बालपणापासूनचे काही खोल गुंतलेले असेल तर जास्त.

मधला अंदाज घेऊ. पहिला दीड महिना दर आठवड्याला एक, म्हणजे सहा. पुढे तीन महिने पंधरवड्याला एक, म्हणजे आणखी सहा. शेवटी महिन्याला एक अशी तीन. एकूण पंधरा सेशन, पंधराशेच्या दराने साडेबावीस हजार, सात-साडेसात महिन्यांत पसरलेले. सर्वांत जड जातो तो पहिला महिना: सहा हजार. मग तीन हजारांवर येते, मग दीडवर.

औषधही लागले तर त्यात डॉक्टरची पहिली भेट दीड हजार, नंतरच्या चार भेटी आठशेच्या हिशोबाने बत्तीसशे. गोळ्यांचा खर्च लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी असतो. नेहमीच्या नैराश्यावरच्या औषधांना महिन्याला तीनशे ते सातशे रुपये पुरतात आणि जनऔषधी केंद्रात त्याहून कमी. पण बरे वाटायला लागल्यावरही डॉक्टर साधारण सहा महिने तरी औषध चालू ठेवायला सांगतात, म्हणून आठ-नऊ महिने धरा. सगळे मिळून तीस-बत्तीस हजारांत बसते. मध्येच "आता बरे आहे" म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या बंद केल्या आणि दुखणे उलटले, तर हा हिशोब पुन्हा पहिल्यापासून सुरू. ही घरोघरची गोष्ट आहे. गोळी कमी करायची तर डॉक्टरला विचारून, हळूहळू.

काही खर्च या यादीत दिसत नाहीत. डोंबिवलीहून दादरला जायचे तर अर्धा दिवस जातो, आणि ज्याला रोजावर पैसे मिळतात त्याच्यासाठी तो अर्धा दिवस हीच खरी फी. ऑनलाइन सेशनने हा प्रश्न सुटतो. दर तोच किंवा थोडा कमी. मात्र वन-बीएचकेत बोलायचे कुठे, हा नवा प्रश्न उभा राहतो. पार्किंगमध्ये गाडीची काच वर करून, गच्चीत पाण्याच्या टाकीआड, ऑफिस सुटल्यावर रिकाम्या मीटिंग रूममध्ये, अशी सेशन लोक करतात आणि ती चांगली होतात. फक्त सासूबाई पलीकडच्या खोलीत असताना सासूबाईंविषयी बोलण्याचा प्रयत्न करू नये.

ऐनवेळी रद्द केले तर काय, हेही आधी विचारून ठेवावे. बहुतेक ठिकाणी २४ तास आधी कळवले नाही तर पूर्ण फी लागते. जाचक वाटले तरी ते रास्त आहे, त्या वेळेत त्यांना दुसरा पेशंट घेता आलेला नसतो. "वीस सेशनचे पॅकेज घ्या, चार मोफत" हे मात्र रास्त नाही. किती सेशन लागतील हे कुणालाच पहिल्या दिवशी सांगता येत नसताना वीसचे आगाऊ पैसे कशाचे? चार-पाचपेक्षा जास्त सेशनचे पैसे आधी देऊ नका. आणि बोटांच्या ठशांवरून मुलाचा स्वभाव, पूर्वजन्मात नेऊन आजच्या भीतीचा उलगडा, असले काही बिलात दिसले तर हात आखडताच घ्या. त्यामागे शास्त्र नाही.

कमी पैशांत, पण कमी दर्जाचे नाही

साडेबावीस हजार म्हणजे अनेक घरांचा महिन्याचा पगार. त्यांनी काय करायचे? इथे आपल्याकडे वाटते त्यापेक्षा बरेच काही आहे, फक्त त्याची जाहिरात कुणी करत नाही.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. यात जिल्हा रुग्णालये येतात आणि ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयेही. या चार नावांना लोक दचकतात. पण तिथे बाह्यरुग्ण विभाग असतो, सकाळी जाऊन दाखवून, औषध घेऊन दुपारी घरी येता येते. "तिथे गेला म्हणजे आत ठेवतात" हा जुना समज आहे. मुंबईत महापालिकेची केईएम, सायन, नायर, राज्याचे जेजे, पुण्यात ससून, शिवाय सोलापूर, मिरज, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, अंबाजोगाई, धुळे, अकोला, यवतमाळ इथली सरकारी वैद्यकीय महाविद्यालये, या सर्व ठिकाणी मनोविकार विभाग आहेत. केसपेपरचे नाममात्र पैसे. गोव्यातल्यांसाठी बांबोळीची मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था.

तोटाही सांगायला हवा. रांग लागते, बसायला बाक कमी पडतात, आणि दर वेळी तोच डॉक्टर भेटेल असे नाही. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा, जुनी चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपावी, आणि पहिल्याच भेटीत "बोलायला सायकॉलॉजिस्ट कोणत्या वारी असतात?" असे विचारून घ्यावे. न विचारता कुणी सांगत नाही. आठवड्याला तास मिळणार नाही, पण निदान आणि औषध यांसाठी ही ठिकाणे कुठल्याही चकचकीत क्लिनिकच्या तोडीची आहेत. मुलाच्या बुद्ध्यांकाची, अध्ययन अक्षमतेची किंवा स्वमग्नतेची तपासणी बाहेर काही हजारांत जाते. प्रमाणपत्रासाठी बहुधा सरकारी रुग्णालयाचाच कागद लागतो, तर थेट तिथेच जाणे शहाणपणाचे.

मधली वाट स्वयंसेवी संस्थांची. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात उभी केलेली आयपीएच, म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, हे मराठी माणसाला सर्वांत ओळखीचे नाव. व्यसनाचा प्रश्न असेल तर १९८६ पासूनचे पुण्याचे मुक्तांगण. तिथे व्यसनी माणसाइतकेच त्याच्या बायकोकडे आणि आईकडे लक्ष देतात. अशा ठिकाणी उत्पन्न पाहून फी कमी करण्याची सोय असू शकते, फोनवर सरळ विचारावे. खासगी समुपदेशकांतही अनेक जण आठवड्यातल्या काही वेळा कमी फीसाठी राखून ठेवतात. "माझं बजेट सातशेचं आहे, तुमच्याकडे काही सोय आहे का, किंवा तुमच्या माहितीत कुणी आहे का?" या वाक्याने बरीच दारे उघडतात.

केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. क्रमांक १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा २०१२ पासून फोनवर आणि ईमेलवर मोफत समुपदेशन करते. हे दोन्ही महिनोन्‌महिन्यांच्या उपचारांची जागा घेत नाहीत, पण "मला नेमके कोणाकडे जायला हवे?" याचे उत्तर मिळवण्यासाठी पहिला फोन तिथेच करावा असे माझे मत आहे. आणि कुणी आत्ता, या क्षणी जिवाचे बरेवाईट करण्याच्या बेतात असेल तर त्याला एकटे सोडू नका. १४४१६ किंवा ११२ लावा, जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या. पोलीस केस होईल या भीतीने लोक रुग्णालय टाळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायचे ठरवले आहे आणि तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

मोठ्या कंपनीत नोकरी असेल तर एचआरचे जुने मेल उघडून पाहा. अनेक कंपन्या कर्मचाऱ्याला, आणि काही तर घरच्यांनाही, वर्षाला तीन ते सहा सेशन मोफत देतात. सेवा बाहेरच्या संस्थेची असते आणि सहसा कंपनीकडे नावे जात नाहीत, फक्त आकडे जातात. तरी पहिल्या फोनवर तेवढे विचारून खात्री करून घ्यावी.

दोघांनी जायचे असेल तर

आपल्याकडे नवरा-बायकोचे बिनसले की आधी मामा, काका आणि मध्यस्थी केलेले गृहस्थ यांची बैठक बसते. चहा होतो, "भांड्याला भांडं लागतंच" असे कुणीतरी म्हणते, मुलीची समजूत घातली जाते आणि सगळे आपापल्या गाडीने घरी जातात. फी शून्य, पण गुणही बहुधा तेवढाच. बसलेला प्रत्येक जण कुणाच्या तरी बाजूचा असतो.

जोडप्याचे समुपदेशन वेगळे कौशल्य मागते. एकेकट्या माणसासोबत उत्तम काम करणाऱ्याला ते येईलच असे नाही, म्हणून "जोडप्यांसोबत काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलं आहे का?" हे विचारावेच. सेशन सव्वा ते दीड तासाचे, दर मुंबई-पुण्यात दोन ते पाच हजार, जिल्ह्याच्या गावी हजार-पंधराशे. आठ ते पंधरा भेटी धरा. अडीच हजारांच्या दराने दहा भेटींचे पंचवीस हजार होतात. लग्नाआधीच्या समुपदेशनाला दोन ते चार भेटी पुरतात आणि मला विचाराल तर हॉलच्या डेकोरेशनमधून तेवढे काढायला हरकत नाही.

बहुतेक ठिकाणी पहिली भेट दोघांची, मग एकेकट्याची एकदा, आणि पुढे पुन्हा दोघांची अशी पद्धत असते. इथे पहिल्याच दिवशी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या: एकट्याच्या भेटीत सांगितलेले दुसऱ्याला कळणार का? काही जण "माझ्याकडे गुपित ठेवायचं नाही" असा नियम करतात, काही जण ते आपल्यापाशी ठेवतात. दोन्ही पद्धती चालतात, पण बाहेरच्या संबंधाविषयी बोलून बसल्यावर नियम कळण्यात अर्थ नाही. समुपदेशक न्यायाधीश नसतो, हेही ध्यानात असावे. "मॅडम, तुम्हीच सांगा हिचं चुकतं की नाही" हे वाक्य ऐकायला त्याला पैसे मिळतात, निकाल द्यायला नाही.

घरात मारहाण असेल, धमक्या असतील, तर एकत्र सेशन करू नका. जाणता समुपदेशक स्वतःच नकार देतो, कारण तिथे खरे बोललेल्याची शिक्षा घरी गेल्यावर मिळते. अशा बाईने आधी आपल्या सुरक्षिततेचा विचार करावा: महिलांसाठी १८१ क्रमांक आहे, पोलिसांचा भरोसा सेल आहे, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी आहेत. मुंबईत पालिकेच्या रुग्णालयांतली दिलासा केंद्रे खास याच कामासाठी आहेत. पहिले वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झाले. भरोसा सेलमध्येही समुपदेशन होते, मात्र तिथला भर तक्रार आणि तडजोड यांवर असतो. ते मानसोपचार आहेत असे समजून जाऊ नये.

प्रकरण कोर्टात पोचले असेल तर कुटुंब न्यायालयातले विवाह समुपदेशक विनामूल्य असतात. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच ठरवले आहे. काही वकील या भेटींना केवळ एक तारीख समजतात, पण दोघांना वकिलांशिवाय एका खोलीत बसून बोलायची कदाचित ती शेवटची संधी असते.

लैंगिक अडचणींसाठी रेल्वे रुळांकडेच्या भिंतींवर रंगवलेले "खात्रीशीर इलाज" पाहून जाणारे आजही कमी नाहीत आणि तिथे वीस-पंचवीस हजार सहज उकळले जातात. या तक्रारी मनोविकारतज्ज्ञाच्या नेहमीच्या कामातल्या आहेत. सरकारी रुग्णालयातही त्या विनासंकोच सांगता येतात. आणि समलिंगी मुलाला किंवा मुलीला "बदलून देतो" म्हणणाऱ्या डॉक्टरची पायरी चढू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे "उपचार" गैरवर्तन ठरवले आहेत.

दहा मिनिटांचा फोन

फी भरण्याआधी समुपदेशकाशी दहा मिनिटे बोलायला मागावे. रिसेप्शनिस्टला वेळ आणि दर सोडून फारसे माहीत नसते. बोलण्याला सुरुवात कशी करायची हे अवघड वाटते, तर अशी:

"नमस्कार मॅडम, मला चिंतेचा त्रास आहे, वर्षभरापासून. तुमच्याकडे यायच्या आधी थोडं विचारायचं होतं. राग मानू नका, तुमचं शिक्षण आणि नोंदणी काय आहे?"

"एमफिल क्लिनिकल. नंबर मी तुम्हाला मेसेज करते."

"आणि अशा त्रासावर तुम्ही साधारण कशा पद्धतीनं काम करता?"

"बहुतेक सीबीटी. पहिल्या दोन भेटींत समजून घेईन, तिसऱ्या भेटीत आपण काय करायचं ते ठरवू. सहा भेटींनंतर थांबून बघू, फरक पडतोय का."

हे उत्तम उत्तर. यात पद्धतीचे नाव आहे, टप्पा आहे आणि थांबून तपासण्याची तयारी आहे. "तुम्ही या तर खरं, सगळं ठीक होईल" हे वाईट उत्तर. "शंभर टक्के गॅरंटी" हे सर्वांत वाईट. भाषेचेही विचारा. दिवसभर इंग्रजीत काम करणाऱ्या माणसालाही आईविषयी बोलताना मराठीच लागते, आणि "मला कसंतरी होतं" हे दुसऱ्या भाषेत सांगायचे म्हणजे अर्धे सेशन त्यातच खर्ची पडते. परदेशातली मराठी मुले याच कारणाने भारतातल्या समुपदेशकाशी ऑनलाइन बोलतात. त्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की अमेरिकेत थेरपिस्टचा परवाना राज्यागणिक असतो आणि तिथला विमा इथली पावती बहुधा मानत नाही. इंग्लंडमध्ये असाल तर एनएचएसच्या मोफत टॉकिंग थेरपीसाठी स्वतःच नाव नोंदवता येते.

गुप्ततेचे विचारायलाही विसरू नये. कायद्याने ती तुमचा हक्क आहे. अपवाद थोडे: जिवाला धोका असेल तर घरच्यांना कळवावे लागते, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे खबर देणे बंधनकारक आहे.

विमा आणि पावती

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच पायावर संरक्षण द्यायचे आहे. म्हणजे रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर बिल मागता येते; "मानसिक आजार वगळला आहे" असे उत्तर आले तर ते लेखी मागा आणि विमा लोकपालाकडे जा. आठवड्याच्या सेशनचे पैसे मात्र नेहमीच्या पॉलिसीत मिळत नाहीत. पॉलिसीत ओपीडीचे कलम असेल तरच, आणि तेही बहुधा डॉक्टरच्या फीपुरते. प्रस्ताव अर्ज भरताना चालू उपचार लपवू नका, पुढे त्याच मुद्द्यावर दावा फेटाळला जातो.

दर वेळी पावती घ्या. ऑनलाइन पैसे भरले की पावतीची गरज नाही असे वाटते, पण पावतीवर नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक असतो, तो मोबाइलच्या मेसेजमध्ये नसतो. पैसे देऊन घेतलेली सेवा म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. डॉक्टरविरुद्ध वैद्यकीय परिषद आहे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टविरुद्ध आरसीआय. समुपदेशक नोंदणीकृत नसेल तर ग्राहक आयोगाशिवाय फारसा मार्ग उरत नाही.

सहा भेटी झाल्या आणि काहीच हलले नाही, तर समुपदेशकालाच सांगा. त्यात उद्धटपणा काही नाही. पद्धत बदलायची की माणूस, हे ठरवण्यासाठी त्यालाही ते कळायला हवे. पहिल्या दोन-तीन भेटींनंतर थोडे जास्तच अस्वस्थ वाटणे नेहमीचे आहे, तेवढ्यावरून पळू नये. पण समोरचा सतत स्वतःच्याच संसाराच्या गोष्टी सांगत असेल, तुमच्या जातीवर, कपड्यांवर, लग्न न करण्यावर शेरे मारत असेल, सेशनबाहेर भेटायला बोलावत असेल, तर सातव्या भेटीची वाट कशाला पाहायची?

बदलताना जुन्या माणसाकडून सारांशपत्र मागून घ्या: निदान काय, कोणती पद्धत वापरली, किती भेटी झाल्या, चाचण्यांचे निकाल काय आले. पानभर मजकूर पुरतो. नव्या ठिकाणी पहिल्या दोन भेटी पुन्हा तीच कहाणी सांगण्यात जातात, त्या यामुळे वाचतात; पंधराशेच्या दराने तीन हजार.